शाळेपासून शाळेपर्यंत

परवा सकाळी दारात दोघं येऊन उभे राहिले. अंगात पोपटी रंगाचे बिनबाह्यांचे शर्ट, पायात माझ्या सुनेच्या मिक्सरपेक्षा महाग बूट, मनगटावर छाती किती धडधडते ते सांगणारं घड्याळ. एक दातांचा डॉक्टर, दुसरा बँकेतला साहेब. घाम पुसत होते, आणि आपल्या घामाचं कुणीतरी कौतुक करावं असा दोघांचा चेहरा होता.

"सर, आम्ही धावणाऱ्यांचा ग्रुप काढलाय," डॉक्टर म्हणाला. "धाराशिव जिल्ह्यातल्या निसर्गरम्य धावमार्गांची पुस्तिका करतोय. तुमच्या गावचा टेकडीभोवतीचा गोल रस्ता आम्ही पहिल्या नंबरला घेतलाय. त्याचा इतिहास तुम्हीच सांगाल असं कळलं."

निसर्गरम्य! मी आयुष्यभर मराठी शिकवलं. पोरांच्या निबंधात हा शब्द दिसला की मी त्याच्यावर तांबडी रेघ मारायचो. ज्याला समोरचं काही दिसलेलं नसतं तोच हा शब्द लिहितो.

बँकेतला म्हणाला, "विशेषतः टेकडीमागची ती वळणं, सर! सपाट माळावर एकामागून एक नागमोडी वळणं. तिथं बघण्यासारखं काहीच नाही, तरी काय सुंदर आखणी! इंजिनिअर नक्कीच कलाकार माणूस असणार."

मला इतकं हसू आलं की बशीतला चहा धोतरावर सांडला. म्हटलं, बाबांनो, तो रस्ता कुठल्याही इंजिनिअरनं आखलेला नाही. इंजिनिअरला तो आजपर्यंत कळलेलासुद्धा नाही. मी सांगायला सुरुवात केली, पण दोघंही घड्याळाकडं बघायला लागले. अंग गार पडायच्या आत परत पळायचं होतं म्हणे. गेले. त्यांच्या पुस्तिकेत काय यायचं ते येईल. खरं काय ते मी लिहून ठेवतो.

गावाचं नाव लिहीत नाही. भूमच्या बाजूचं, डोंगरकडेचं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर ज्यांना लाज वाटायला पाहिजे त्यांना अभिमान वाटेल.

तो रस्ता करीम मुलाणींचा. मुलाणी सर आमच्या हायस्कूलचे पी.टी.चे शिक्षक. उंची बेताची, पाय मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून जोडल्यासारखे लांब. कडक इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, पांढरा बनियन, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी. ती शिट्टी त्यांनी कधी वाजवली नाही. "शिट्टी शेळ्यांना, मास्तर. माणसाला तोंडानं सांगता येतं," म्हणायचे. आणि त्यांचं तोंड! देवानं ते एक हत्यार देऊन त्यांना आमच्यात सोडलं होतं. मूळ गाव कुठलं, घरी कोण, शिक्षण किती, हे मला आजही नीट माहीत नाही. विचारलं की म्हणायचे, "का वो मास्तर, सोयरीक जुळवायलाव काय माझी?"

त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती. एक पळणारी आणि दुसरी बसणारी. दुसऱ्या प्रकाराला ते "बैठे लोगां" म्हणायचे, आणि ते असं म्हणायचे की ऐकणाऱ्याला उभं राहावंसं वाटे. सोसायटीच्या ओट्यावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहणारे, चावडीवर बसणारे, स्टाफरूममध्ये बसणारे आम्ही, सगळे त्यात आले. एकदा हेडमास्तरांसमोर त्यांनी खुर्चीवर हात ठेवून मला सांगितलं, "हिला चार पाय हायत, मास्तर. पर पळत न्हाय. संगतीचा परिणाम." हेडमास्तर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. मुलाणी सरांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

ते गावात आले त्या दुसऱ्याच सकाळची गोष्ट. दिवस उगवताना हे चड्डी-बनियनवर अनवाणी पळत निघाले. आमच्या गावात तोवर विनाकारण पळताना कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. माणूस पळतो तो कुणी विहिरीत पडलं, गंजीला आग लागली, नाहीतर कुणी मेलं म्हणून. ओट्यावरच्या एकानं ओरडून विचारलं, "काय झालं वो?" ह्यांनी उत्तर दिलं नाही. झालं! एक उठला, त्याच्यामागं दुसरा, कुणी बादली घेतली, कुणी कुऱ्हाड, एक म्हातारी तर छाती बडवत निघाली. अर्धं गाव मुलाणी सरांच्या मागं तळ्यापर्यंत धापा टाकत गेलं. तिथं ते थांबले, वळले आणि ती बादल्यांची पलटण बघितली.

"कुठं लागलीय आग?" लोकांनी विचारलं.

"आग न्हाय. मी पळतोय."

"कशापायी?"

"पळण्यापायी."

लोकांना वाटलं, माणूस फिरला आहे. मुलाणी सर त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, "तुमच्या गावात कुणी मेल्याबिगर माणूस पळत न्हाय का?" आणि पुढं निघून गेले. त्या दिवसापासून गावानं त्यांच्यावर दात धरला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता आबासाहेब. त्यांच्यावाचून आमच्या गावाची कुठलीच गोष्ट होत नाही, हे आमचं दुर्दैव. आबासाहेब सोसायटीचे चेअरमन, दूध संघाचे संचालक, आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. पंचक्रोशीत जिथं गादी आणि लोड होता तिथं आबासाहेब होते. सहकाराचा त्यांनी लावलेला अर्थ असा, की कष्ट सगळ्यांनी करायचे आणि हार त्यांनी घालून घ्यायचे. त्यांच्याकडं जीप होती. एकदा मुलाणी सर सडकेवर एस.टी. धरायला निघाले होते तेव्हा जीप शेजारी थांबली. "बसा सर, सडकेपर्यंत सोडतो," आबासाहेब म्हणाले. गावातल्या कुणाचं आयुष्य ह्या वाक्यानं धन्य झालं असतं. मुलाणी सर म्हणाले, "नको आबासाहेब, मी घाईत हाय." आणि टेकडीच्या पाऊलवाटेनं पळत सुटले. जीप ओढ्याला वळसा घालून, वाळूत रुतून, चार माणसांनी ढकलून सडकेवर पोचली तेव्हा हे लिंबाखाली फुटाणे खात बसले होते. "या, या. लई खोळंबा केलाव माझा," म्हणाले. आबासाहेबांनी हसून दाखवलं. अशी माणसं हसून दाखवतात तेव्हा जपून राहायचं असतं, पण ते मुलाणी सरांना कोण सांगणार?

त्यांची वाट मी तुम्हाला दाखवली पाहिजे, कारण सगळं त्या वाटेपायी घडलं. शाळेच्या मागच्या भिंतीपासून ती निघायची. तळ्याच्या बांधावरून, तरवडाच्या झुडपांमधून टेकडीच्या कडेनं चढायची, एका बोरीपाशी वळायची आणि टेकडीला फेरी घालून परत शाळेच्या भिंतीशी यायची. आधी तिथं वाट नव्हतीच, शेळ्यांच्या खुणा होत्या. मुलाणी सरांनी दोन वर्षं रोज सकाळी पळून झाल्यावर तिथले दगड वेचले. हातानं. काटे काढले, खळगे मुरमानं भरले, अनवाणी पायाला टोचेल असा एक खडा राहू दिला नाही. मग तिच्या कडेनं फक्कीची पांढरी रेघ मारली, खो-खोच्या मैदानाला मारतात तशी. त्यांना तिथं शर्यत घ्यायची होती. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची पोरं येणार, टेकडीवरून अनवाणी पळणार. बाकी कशाविषयी ते प्रेमानं बोलल्याचं मला आठवत नाही. ह्या शर्यतीविषयी बोलताना मात्र आवाज खाली यायचा.

मला एकदा बळजबरीनं तिथं नेलं. मी चालत, ते माझ्याभोवती पळत. बोरीच्या वळणावर म्हणाले, "आता थांबा." खाली उतार होता, उतारावर कुसळीचं गवत वाऱ्यानं एका अंगाला पडलेलं, त्याच्यापलीकडं ज्वारीची रानं, तळ्याचं पाणी आणि पार लांब भूमच्या बाजूची धूसर रेघ. मी म्हटलं, "छान आहे."

"छान!" मुलाणी सर कडाडले. "एवढं मराठी शिकून हेवढंच निघालं व्हय?"

 त्यांचंही बरोबर होतं.

मग बहात्तर साल आलं. दुष्काळाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना नको आहे आणि ज्यांनी नाही पाहिला ते निसर्गरम्य लिहितील. तळं आटलं, गुरं गेली, लोक परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खायला लागले. शर्यत पुढं गेली. गावासाठी दुष्काळी काम मंजूर झालं, गावापासून सडकेपर्यंत रस्ता. सरकारी माणसं येऊन, साखळी धरून, लाकडी खुंट्या ठोकून गेली. आता सांगा, ज्या गावात चुलीत घालायला काडी नाही तिथं तुम्ही कोरड्या लाकडाच्या खुंट्या ओळीनं मातीत रोवून ठेवता, हे कुठल्या शहाणपणात बसतं? आठवडाभरात सरकारची सगळी मोजणी गावाच्या चुलीत जळून गेली. एकेक खुंटीवर एकेक भाकरी झाली असेल. त्या रस्त्याचा एवढाच उपयोग झाला.

मुलाणी सर तेव्हा कसल्याशा शिबिराला धाराशिवला गेले होते. इकडं परगावचा मुकादम हजेरीचं मस्टर घेऊन हजर झाला. बाया-माणसं टिकाव, फावडी, टोपली घेऊन जमली. मुकादमानं विचारलं, "लाईन कुठाय?" खुंटी एक नाही. लोक एकमेकांकडं बघायला लागले. आणि तेवढ्यात मुकादमाला शाळेच्या भिंतीपासून टेकडीकडं गेलेली स्वच्छ पांढरी रेघ दिसली. पाऊस नव्हता म्हणून ती पुसलीही नव्हती. "ही काय, हितं तर हाय," तो म्हणाला. एकानंही तोंड उघडलं नाही. लाईन सापडली नाही म्हटलं तर काम सुरू होणार नव्हतं, आणि काम सुरू झालं नाही तर चूल पेटणार नव्हती. टिकाव पडला.

मुलाणी सर आठवड्यानं परतले. शाळेत ट्रंक टाकली आणि पळायला गेले. लगेच परत आले ते माझ्या वर्गाच्या दारात. "मास्तर, चला." तो चेहरा मी त्याआधी पाहिलेला नव्हता.

बोरीच्या वळणापर्यंत वाट खोदून झाली होती. बाया डोक्यावरनं मुरमाची टोपली नेत होत्या. दोन्ही बाजूंना फोडलेल्या खडीचे ढीग लागले होते. ज्या जागी त्यांनी खडा राहू दिला नव्हता, तिथं आता गाड्यांनी खडी ओतायची होती. मुलाणी सर मुकादमाच्या दिशेनं निघाले. तोंडातून उर्दूतल्या शिव्या यायला लागल्या होत्या, त्या मी इथं लिहू शकत नाही. तेवढ्यात टोपलं खाली टाकून एक बाई त्यांच्या आडवी आली.

ती सखूबाई. बौद्धवाड्यातली. रोज सकाळी ओढ्यावर जाताना पळणाऱ्या मुलाणी सरांना हाक मारायची, "आज लई हळू पळतायसा, सर!" त्यांना असं बोलण्याची हिंमत गावात फक्त तिची होती आणि ऐकून घेण्याची वेळही त्यांच्यावर फक्त तिनंच आणली होती.

"सर, तोंड उघडू नका," ती हळूच म्हणाली.

"सखूबाई, ह्यो रस्ता न्हाय! चुकलाय त्यो मुकादम!"

"ठाव हाय."

"ठाव हाय?"

"समद्या गावाला ठाव हाय. त्येला एकट्याला न्हाय. त्येला सांगितलं की काम बंद. भूमवरनं नवा हुकूम येस्तवर म्हैना जाईल, आन् सरकारचा म्हैना कसा असतो तुमाला म्हाईतच हाय. तवर लेकरांना काय माती घालू?"

"माझी वाट हाय ती. दोन वर्सं दगड वेचलेत मी."

"म्या न्हाय व्हय बघितलं? म्याच बघितलं रोज." तिनं टोपलं परत उचललं. "तुमी पळणारं मानूस. तुमाला दुसरी वाट घावंल. आमाला दुसरं काम न्हाय घावत."

 मुकादम जवळ आला. "काय सर? काय अडचण हाय?"

मला वाटलं, आता फुटतंय. ह्या माणसानं आयुष्यात कुणाची चूक पोटात घातली नव्हती, स्वतःच्या हेडमास्तरांची नाही, आबासाहेबांची नाही. ते मुकादमाकडं वळले. मग म्हणाले, "फक्की नीट धरून खोदा. वळण हाय तिथं वळलंच पायजे. मधनं कापाकापी केलेली चालणार न्हाय."

आणि पाठ फिरवली. परत येताना त्यांनी सगळ्यांना शिव्या घातल्या. सरकारला, मुकादमाला, गावाला, मला. मी काय केलं होतं? पण मी ऐकून घेतलं. त्या दिवशी ते शाळेपर्यंत चालत आले, पळाले नाहीत.

उन्हाळा लागला आणि नवीनच पेच पडला. वाट गोल, टेकडी लहान, काम करणारे हात खंडीभर. खडी शाळेच्या दिशेनं परत यायला लागली. मुकादमानं जाहीर केलं की लाईन संपत आली, आता काम बंद होणार. आणि पावसाचा कुठं पत्ता नाही. बाया टोपली घेऊन उभ्या. ओट्यावरचे म्हणाले, आबासाहेब काहीतरी करतील. आबासाहेबांनी केलंही. मुंबईला जाऊन निवेदन दिलं आणि तिथंच राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी सहज टेकडीमागं गेलो, तर मुलाणी सर. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातानं फक्की सोडत पाठमोरे चाललेले. शाळेकडं येणारा रेघेचा तुकडा त्यांनी पायानं पुसून टाकला होता. नवी रेघ टेकडीमागच्या सपाट माळावर चालली होती. डावीकडं वळली, उजवीकडं वळली, पुन्हा डावीकडं. तिथं ना बोर, ना उतार, ना दृश्य. नुसता रखरखीत माळ.

"सर, हे काय?"

"वाढवतोय."

"आणि तुमची शर्यत?"

"गेली चुलीत," ते म्हणाले आणि फक्की सोडत राहिले.

मुकादम आला. रेघ बघून डोकं खाजवायला लागला. "कालपर्यंत तर ही लाईन सरळ शाळेकडं जात हुती. आन् एवढी वळणं कशापायी?"

मुलाणी सरांनी त्याला असं काही न्याहाळलं की तो बिचारा आपला शर्ट नीट करायला लागला. "घाट बघितलाय का कधी?" सरांनी विचारलं.

"बघितलाय की."

"मग? घाटाला वळणं असतात का न्हाय?"

"पर हितं चढ कुठाय?"

"इंजिनिअर तुमी, का लाईन टाकणारा त्यो?"

मुकादमानं माणसांना हाक मारली. सपाट माळावर घाट बांधायला सुरुवात झाली. चार-सहा दिवसांनी रेघ संपत आली की पहाटे पुढचं वळण तयार. शाळेची फक्की संपली तेव्हा सरांनी भिंती रंगवायला आणलेला चुना वापरला. हेडमास्तर ओरडले तर म्हणाले, "भिंत कुठं पळून जातीय? पुढच्या साली रंगवा." ओव्हरसियरसाहेब एकदा आले. जीपमधून न उतरता काच खाली केली, हात बाहेर काढला, सही केली, काच वर केली. मुलाणी सर शेजारी उभे राहून मला म्हणाले, "जीपमधनं माळ दिसत न्हाय, मास्तर. माळावरची धूळ दिसते. आपलं नशीब."

एका सकाळी सखूबाईनं जाता जाता हटकलं, "सर, आज लाईन लईच वळवलासा."

"पाऊस कुठं आलाय अजून, सखूबाई?" ते म्हणाले.

काम पावसापर्यंत पुरलं, मगच रेघ शाळेच्या भिंतीशी येऊन टेकली. माणसं जगली. आणि लगेच चौकशी लागली.

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. जिल्ह्याहून मोठे साहेब आले होते. शेजारी आबासाहेब, मागं ओव्हरसियर, आणि पटांगणात सगळं गाव. साहेबांनी नकाशा पसरला, चष्मा पुसला, पुन्हा नकाशा बघितला. "हा रस्ता कुठून कुठं जातो?"

 आबासाहेब छताकडं बघत होते.

"शाळेपासनं शाळेपर्यंत," मुलाणी सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे गोल."

ओव्हरसियरनं तेवढ्यात हात वर केले. साहेब, जागेवर आधीच फक्की मारलेली होती, आमच्या माणसांची दिशाभूल झाली. साहेबांनी विचारलं, "फक्की कुणी मारली?"

"मी."

"कशासाठी?"

"पळायला."

"आणि ही टेकडीमागची वळणं? ही कशासाठी?"

 खरं सांगितलं असतं तर मुकादम अडकला असता, मस्टरवरची एकूण एक बाई जाब द्यायला उभी राहिली असती, सखूबाई सगळ्यांत आधी. मी गावाकडं बघितलं. ज्यांच्या पोटात त्या वळणांची भाकरी गेली होती ते सगळे स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. सखूबाई मागून पुढं यायला लागली. मुलाणी सरांनी तिला बघितलं आणि घाईनं उत्तर दिलं.

"मला वळणं आवडतात," ते म्हणाले. असं तुच्छतेनं म्हणाले की साहेबांचा चष्मा खाली आला.

आबासाहेबांनी मान हलवली. "सर, सर! शाळेच्या नावाला काळिमा लावलात." किती वर्षं त्या वाक्यासाठी थांबले असतील कोण जाणे. लिंबाखालचे फुटाणे त्यांना अजून पचलेले नव्हते. संस्थेनं मुलाणी सरांची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला केली, लोहाऱ्याकडं, सास्तूरच्या बाजूला. सपाट मुलूख, काळी जमीन, पावसात पाऊल उचलू देत नाही अशी. पळणाऱ्या माणसाला दुसरी शिक्षा काय द्यायची?

ते गेले त्या सकाळी ओट्यावरून कुणी उठलं नाही. एक माणूस नाही! मला आजही त्या ओट्यावर थुंकावंसं वाटतं. ट्रंकेची एक कडी मी धरली, दुसरी सखूबाईनं. सर पुढं चालत होते. सडकेवर एस.टी. आली तेव्हा ओट्याच्या दिशेनं बघून म्हणाले, "बैठे लोगां." त्यात राग नव्हता. त्यानं मला जास्त वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी आबासाहेबांनी त्याच रस्त्याचं उद्घाटन केलं. म्हणाले, हा वर्तुळाकार मार्ग मी दूरदृष्टीनं आखून घेतला आहे, ह्याच्या मधोमध आपली सहकारी सूतगिरणी उभी राहील. मधोमध टेकडी, म्हणून भूमिपूजनाचा दगड मागच्या माळावर बसला. सूतगिरणी आली नाही. दगडावर शेळ्या बसतात, त्यावरचं आबासाहेबांचं नाव मात्र ठसठशीत आहे.

नंतर बऱ्याच वर्षांनी, ऐंशी सालाच्याही पुढं, आबासाहेबांची साठी आली. सहकारी बँकेनं त्याच रस्त्यावर धावण्याची शर्यत ठेवली. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांची! मी ती पत्रिका वाचली आणि माझं डोकं उठलं. मी मुलाणी सरांना कार्ड टाकलं. लिहिलं, येऊ नका, तुम्हाला त्रास होईल.

ते आले. एस.टी.तून उतरले तेव्हा मी ओळखलं नाही. रिटायर झालेले, केस पांढरे, गाल आत गेलेले. चड्डीची इस्त्री तेवढी तीच. मंडपात खुर्ची दिली तर तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पोरांच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, चपला काढल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"सर, तुम्ही पळणार?"

"मग काय बसायला आलोय?"

आबासाहेबांनी लोडाला टेकूनच झेंडी हलवली. पोरं सुटली. मुलाणी सर सगळ्यांत मागं, खडीवर पाय न ठेवता, रस्त्याच्या कडेच्या पट्टीभर मातीवरून. बोरीच्या वळणापर्यंत मला दिसले, मग टेकडीआड गेले.

संयोजकांनी पोरांना आधीच सांगून ठेवलं होतं, मागची वळणं उगाच आहेत, मधूनच सरळ या, वेळ वाचतो. पोरं सरळ आली. बक्षिसं झाली, केळी वाटली, आबासाहेबांचं दूरदृष्टीवर भाषण झालं. लोक गेले. मंडपवाले खांब उपटायला लागले. मुलाणी सरांची एकालाही आठवण झाली नाही. मी चपला घेऊन टेकडीमागं गेलो.

भूमिपूजनाच्या दगडाशेजारी सखूबाई उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. ती म्हातारी झाली होती. समोर, उन्हात, मुलाणी सर एकटे पळत होते. पळत कसले, चालण्याच्या जरा पुढं. डावीकडं वळत होते, उजवीकडं वळत होते, एकही वळण न सोडता.

"सर!" मी ओरडलो. "सगळे मधनंच आले! शर्यत संपली! तुम्हीपण या की मधनं!"

"चूप बसा, मास्तर!" तिकडून आवाज आला. धाप लागली होती, पण आवाज तोच.

सखूबाई माझ्याकडं बघत नव्हती. "ते त्येंनी आता घेतलं न्हवं का वळण," ती म्हणाली, "तवा माजी धाकटी तापातनं उठली हुती. पेज मागितली तिनं. पेजंला दाणं हुतं घरात." पुढच्या वळणाकडं तिनं बोट केलं. "त्या वळणाला लेकरांना सरकारची सुकडी आली खायाला. आन् त्ये शेवटचं, तितं आमी आभाळाकडं बघत खडी टाकली."

ती धाकटी आता भूमला नर्स आहे. डॉक्टरांनी आणि बँकेच्या साहेबांनी विचारलं असतं तर हेही सांगितलं असतं.

त्या दिवसानंतर मुलाणी सर मला कधी दिसले नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं गेले, पुढं कधीतरी ते वारल्याचं कळलं. पण मला ते दिसतात ते त्या माळावर. शेवटची दोन वळणं राहिली होती. सखूबाईनं तांब्या दगडावर ठेवला, पदर खोचला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली.

"आज लई हळू पळतायसा, सर!"

त्यांनी मान वळवली नाही. नुसता हात वर करून हलवला, आणि मधून न येता पुढच्या वळणाला लागले.